आधी सेटिंग तपासा, मग कार्ड बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : संगणकीय खेळांतील फाटणारे चित्र

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना असा सल्ला देण्यात आला की, खेळ खेळताना पडद्यावरचे चित्र आडवे फाटल्यासारखे दिसत असेल तर ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे असे समजावे आणि ते बदलण्याचा विचार करावा. सल्ला खर्चिक आहे एवढ्यापुरतीच माझी हरकत नाही. तो मुळातच चुकीच्या निदानावर उभा आहे. चित्र फाटते ते कार्ड आणि मॉनिटर यांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून, आणि बहुतेक संगणकांवर हा दोष असलेल्या सामग्रीतच, चार सेटिंग नीट लावून दूर करता येतो. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

हा दोष नेमका कसा दिसतो ते आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण अडखळणारे चित्र, हलत्या वस्तूमागे सावली सोडणारे चित्र आणि फाटणारे चित्र या तीन निरनिराळ्या तक्रारी सर्रास एकाच नावाखाली केल्या जातात. खेळातल्या एखाद्या खोलीत उभे राहून माउस झटकन उजवीकडे फिरवला की समोरच्या दाराची चौकट डावीकडे सरकू लागते. अशा वेळी चौकटीचा वरचा तुकडा एका जागी आणि खालचा तुकडा त्याच्यापासून बोटभर डावीकडे दिसला, दोहोंच्या मध्ये पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ आडवी रेघ उमटली आणि पुढच्याच क्षणी ती दुसरीकडे गेली, तर ते टेअरिंग. खांब, झाडांचे बुंधे, इमारतींच्या कडा अशा उभ्या रेषांवर ते ठळक दिसते. वर-खाली पाहताना तीच फट बहुधा नजरेतून निसटते.

मॉनिटर संपूर्ण चित्र एका क्षणात दाखवत नाही. तो वरच्या कडेपासून एकेक ओळ ताजी करत खाली येतो, आणि ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या मॉनिटरवर हा प्रवास दर १६.७ मिलिसेकंदांनी नव्याने सुरू होतो. कार्डाच्या स्मृतीत चित्र साठवण्याच्या किमान दोन जागा, म्हणजे बफर असतात : एकातली पूर्ण झालेली फ्रेम, म्हणजे एक संपूर्ण चित्र, मॉनिटरकडे जात असते, तर दुसऱ्यात पुढची फ्रेम रंगवली जात असते. ती पूर्ण झाली की दोन्ही बफरांची अदलाबदल होते. मॉनिटरचे वेळापत्रक ठरलेले असले तरी कार्डाचे तसे नसते. रिकाम्या भिंतीकडे पाहताना जी फ्रेम ८ मिलिसेकंदांत तयार होते, तिलाच धूर, ज्वाळा आणि गर्दी समोर आली की २० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे अदलाबदल नेमकी मॉनिटर अर्ध्या वाटेवर असतानाच होऊ शकते. कोणी पुस्तक मोठ्याने वाचत असावे, पानाच्या मध्यावर आलेला असताना शेजाऱ्याने पान उलटावे, आणि वाचणाऱ्याने मात्र नव्या पानावर त्याच उंचीपासून पुढे वाचत राहावे, असा हा प्रकार आहे. वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या फ्रेमचा, आणि दोहोंच्या सांध्यावर ती रेघ.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. स्क्रीनशॉट काढून हा दोष कोणाला दाखवता येत नाही, कारण स्क्रीनशॉटमध्ये सामान्यतः बफरातली अखंड फ्रेम उतरते आणि फाटाफूट त्यानंतर, मॉनिटरकडे जाताना होते. पुरावा हवा असेल तर मोबाइलचा कॅमेरा थेट पडद्यासमोर धरून चित्रण करावे लागते. दुरुस्ती करणारा ‘चित्रात काही दिसत नाही’ म्हणून तक्रार झटकून टाकतो, ते अनेकदा यामुळेच.

आता कार्ड बदलल्याने काय होईल ते पाहू. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर नवे कार्ड सेकंदाला ३०० फ्रेम देऊ लागले, तर मॉनिटरच्या प्रत्येक फेरीत पाच फ्रेमचे पट्टे बसतात. म्हणजे फटी वाढतात. मात्र लागोपाठच्या दोन फ्रेममधले अंतर जेमतेम ३.३ मिलिसेकंदांचे असल्यामुळे प्रत्येक फट लहान होते आणि कमी खुपते. सर्वांत त्रासदायक अवस्था दोन्ही वेग जवळजवळ सारखे असतात तेव्हाची. मॉनिटर ६० हर्ट्झचा आणि खेळ सेकंदाला ६१ फ्रेम देणारा असला की फट दर फेरीला थोडी थोडी सरकते आणि एक रेघ पडद्यावरून संथपणे रांगत जाताना दिसते. तेव्हा जुन्या कार्डावर ४० फ्रेम मिळत असताना ज्याचे फारसे लक्ष गेले नव्हते, त्याला नवे, अधिक ताकदीचे कार्ड बसवल्यावर फाटलेले चित्र अधिकच डोळ्यांत भरणे सहज शक्य आहे. पुरवणीतला सल्ला मानून खर्च करणाऱ्याच्या पदरी नेमके हेच पडण्याची भीती आहे.

खेळाडूंमध्ये आणखी एक समज घट्ट रुजलेला आहे : खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली की काम झाले. हे पटण्याजोगे वाटते, कारण दोन्ही आकडे सारखे दिसतात. पण मर्यादा घातल्याने फ्रेमचा वेग ठरतो, ती कोणत्या क्षणी पडद्यावर जाणार ते ठरत नाही. दोन घड्याळे सारख्या गतीने चालत असली तरी त्यांतले एक पाच मिनिटे मागे असू शकतेच. शिवाय पुष्कळ मॉनिटरचा प्रत्यक्ष वेग ६० नसून ५९.९४ असतो, त्यामुळे केवळ मर्यादा घातलेल्या खेळात फट नाहीशी होण्याऐवजी बराच वेळ एकाच पट्ट्यात रेंगाळते. ती पडद्याच्या मधोमध रेंगाळली तर मर्यादा नसती तर बरे, असे वाटू लागते.

क्षण जुळवण्याचे काम करते ते व्हर्टिकल सिंक, म्हणजेच सर्वांना परिचित असलेले व्ही-सिंक. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत तळाशी पोहोचल्यावर पुन्हा वर जायला थोडा वेळ लागे. तशीच मोकळी वेळ आजच्या सपाट पॅनेलना जाणाऱ्या संकेतातही राखलेली आहे. व्ही-सिंक चालू केले की बफरांची अदलाबदल फक्त त्या मोकळ्या वेळेतच होते, आणि चित्र फाटणे बंद होते. दोष दूर करण्याचा हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे, आणि ज्यांना निवांतपणे कथाप्रधान खेळ खेळायचे आहेत, ज्यांचे कार्ड मॉनिटरच्या वेगाइतक्या फ्रेम आरामात देते, त्यांनी पुढचे काहीही न वाचता तो करून टाकावा.

मात्र व्ही-सिंक फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली, दोनच बफर असताना एखाद्या फ्रेमला १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तर ती मोकळी वेळ हुकते, पुढच्या वेळेपर्यंत थांबून राहते, आणि पडद्यावर ३३.३ मिलिसेकंदांनी पोहोचते. अवघ्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या मिलिसेकंदाच्या उशिराने वेग ६० वरून थेट ३० वर कोसळतो. आणखी उशीर झाला तर २० वर, मग १५ वर. दुसरी किंमत हाताला जाणवते. कार्ड मॉनिटरपेक्षा वेगवान असेल तर तयार झालेल्या फ्रेम रांगेत थांबू लागतात, आणि पडद्यावर दिसणारी फ्रेम माउसच्या काही क्षणांपूर्वीच्या हालचालीवर आधारलेली असते. नेम धरताना माउस जड झाल्यासारखा, पाण्यात फिरवल्यासारखा वाटतो तो या इनपुट लॅगमुळे. त्यावर एक साधा उतारा आहे : व्ही-सिंक चालू ठेवून फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या प्रत्यक्ष वेगाच्या अगदी किंचित खाली बांधावी. मग रांग साचत नाही आणि लॅग पुष्कळ कमी होतो; अधूनमधून एखादी फ्रेम दोनदा दिसते, पण ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

या दोन किमती चुकवण्यासाठी मधल्या काळात बरेच तोडगे निघाले. तिसरा बफर देण्याची सोय जुनीच होती. २०१२ मध्ये कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने ॲडॅप्टिव्ह व्ही-सिंक आणले, जे फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाखाली घसरला की व्ही-सिंक आपोआप बंद करते. साहजिकच त्या काळापुरते चित्र पुन्हा फाटते. २०१६ मधले फास्ट सिंक आणि तिची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने त्यापुढच्या वर्षी आणलेले एन्हान्स्ड सिंक यांचा भर जास्तीच्या फ्रेम टाकून देऊन सर्वांत ताजी तेवढी दाखवण्यावर आहे. कार्ड मॉनिटरच्या कितीतरी पट फ्रेम देत असेल तर ते उत्तम चालते. एरवी कोणती फ्रेम दिसेल आणि कोणती गळेल याचा नेम राहत नाही आणि हालचाल बारीक बारीक हिसके देऊ लागते. माझ्या मते सामान्य खेळाडूने यांच्या वाटेला जाऊ नये.

खरा बदल झाला तो प्रश्न उलट्या बाजूने पकडल्यावर. कार्डाने मॉनिटरसाठी थांबण्याऐवजी मॉनिटरनेच कार्डासाठी थांबावे, ही ती कल्पना. फ्रेम तयार झाली की मॉनिटर नवी फेरी सुरू करतो, नसेल तर मोकळी वेळ लांबवतो. सेकंदाला ८७ फ्रेम आल्या तर मॉनिटर ८७ हर्ट्झवर चालतो, ११२ आल्या तर ११२ वर. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने हे तंत्र जाहीर केले, तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये कंपनीचे स्वतंत्र मॉड्यूल बसवावे लागत असे. एएमडीने २०१४ च्या सुरुवातीला फ्रीसिंक दाखवले आणि त्याच वर्षी व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने याच कल्पनेचा, ॲडॅप्टिव्ह-सिंक या नावाने, समावेश डिस्प्लेपोर्ट या जोडणीच्या १.२ए आवृत्तीत केला. पुढची काही वर्षे ‘या कार्डाला हा मॉनिटर चालतो, त्या कार्डाला तो चालत नाही’ असा गोंधळ राहिला. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कार्डांवर ॲडॅप्टिव्ह-सिंकचे मॉनिटर चालवण्याची सोय दिली आणि ती भिंत बरीचशी पडली. एचडीएमआय या दुसऱ्या जोडणीच्या २.१ आवृत्तीतही व्हेरिएबल रिफ्रेश रेटचा, म्हणजे मॉनिटरच्या अशा बदलत्या वेगाचा, समावेश आहे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत खेळांसाठी म्हणून मॉनिटर घेतलेल्या वाचकाकडे ही सोय बहुधा आधीपासूनच आहे. प्रश्न एवढाच की ती चालू आहे का.

आणि ती पुष्कळदा चालू नसते. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत, म्हणजे त्याच्या कडेच्या बटणांनी उघडणाऱ्या मेनूत, फ्रीसिंक किंवा ॲडॅप्टिव्ह-सिंक असा पर्याय असतो आणि तो अनेक मॉनिटरवर बंद स्थितीतच येतो. तो चालू केल्याखेरीज संगणकाला या सोयीचा पत्ताच लागत नाही. त्याच वेळी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटरचा वेग, पाहावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो महिनोन्महिने ६० हर्ट्झवर चालवणारे लोक कमी नाहीत, कारण पुष्कळदा विंडोज आपणहून ६० निवडते आणि कोणी बदलायला जात नाही. यादीत १४४ हा आकडाच दिसत नसेल तर केबल किंवा पोर्ट जुना असण्याची शक्यता आहे. शक्य असेल तेथे डिस्प्लेपोर्ट वापरावा. त्यानंतर कार्डाच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पॅनेलमध्ये जी-सिंक किंवा फ्रीसिंक चालू करावे.

यापुढचा भाग उलटसुलट वाटेल, म्हणून तो सकारण लिहितो. खेळाच्या आतले व्ही-सिंक बंद ठेवावे, ड्रायव्हरच्या पॅनेलमधले मात्र चालू ठेवावे, आणि फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या कमाल वेगाच्या तीनेक फ्रेम खाली, म्हणजे १४४ हर्ट्झवर १४१ च्या आसपास बांधावी. मर्यादा का, तर फ्रेमचा वेग १४४ च्या पलीकडे गेला की मॉनिटरला आणखी वेगाने धावता येत नाही, व्हेरिएबल रिफ्रेश रेटचा उपयोग संपतो, आणि आपण पुन्हा फाटलेले चित्र किंवा रांगेचा लॅग या जुन्या पेचात सापडतो. बरोबर १४४ ची मर्यादा पुरत नाही, कारण सरासरी १४४ असली तरी एखादी फ्रेम ६.९ मिलिसेकंदांच्या आधीच तयार होऊन येते. अशी चुकार फ्रेम अडवण्यासाठीच ड्रायव्हरचे व्ही-सिंक मागे उभे ठेवायचे. बाकीच्या वेळी मॉनिटरच कार्डाच्या मागे चालत असल्यामुळे ते कोणालाही थांबवत नाही. मर्यादा घालण्याची सोय खेळात असेल तर ती वापरावी, कारण तिच्यात लॅग सहसा सर्वांत कमी असतो. नसेल तर ड्रायव्हरची वापरावी.

नवा मॉनिटर घेणाऱ्याने या सोयीची खालची हद्द पाहिलीच पाहिजे, आणि नेमकी तीच खोक्यावर ठळक छापलेली नसते. समजा मॉनिटरची कक्षा ४८ ते १४४ हर्ट्झ आहे आणि खेळ ४० फ्रेमवर घसरला. कमाल वेग किमान वेगाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे अशा वेळी प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर ८० हर्ट्झवर चालवता येतो आणि चित्र अखंड राहते. पण कक्षा ४८ ते ७५ असेल, तर ४० ची दुप्पट ८० होते आणि ती कक्षेबाहेर जाते; म्हणजे खेळ जड झाला की, जेव्हा मदतीची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ही सोय हात वर करते. दोन्ही मॉनिटरवर चिकटपट्टी मात्र एकाच नावाची असू शकते.

ज्यांच्याकडे असा मॉनिटर नाही त्यांनीही निराश होऊ नये. कार्ड ६० फ्रेम सातत्याने देऊ शकत नसेल तर सावल्या, प्रतिबिंबे अशी जड सेटिंग एक पायरी खाली आणून ती देण्याइतकी मोकळीक त्याला करून द्यावी आणि व्ही-सिंक चालू करावे. तरीही जमत नसेल तर व्ही-सिंकसह ३० ची स्थिर मर्यादा ४५ च्या आसपास हेलकावणाऱ्या वेगापेक्षा डोळ्यांना बरी, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर दोन फेऱ्या टिकते. ४५ वर मात्र एखादी फ्रेम एक फेरी तर दुसरी दोन, अशी लंगडी चाल येते. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४० ची मर्यादा त्याच न्यायाने उत्तम बसते : बरोबर तीन फेऱ्या. विंडोजवर खेळ विनाकडेच्या विंडोत चालवला तरी चित्र सहसा फाटत नाही, कारण डेस्कटॉप रचणारा घटक अखंड फ्रेमच पुढे पाठवतो. लिनक्सवर वेलँड या पडदा रचणाऱ्या प्रणालीचे धोरणही मुळात हेच आहे.

या सोयींनाही त्यांचे दोष आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. व्हीए आणि ओलेड या प्रकारांच्या पॅनेलच्या काही मॉनिटरवर फ्रेमचा वेग झपाट्याने वर-खाली झाला की अंधाऱ्या दृश्यांत उजेड लुकलुकतो. लोडिंगच्या पडद्यावर तर हमखास. फ्रेमचा वेग मर्यादा घालून स्थिर ठेवला की हा त्रास घटतो. तसेच नवे दालन उघडताना डिस्कवरून माहिती येईपर्यंत बसणारा धक्का किंवा शेडर, म्हणजे रंग-प्रकाशाचे हिशेब करणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होताना गोठणारे चित्र कोणत्याही सिंकने सुटणारे नाही.

स्पर्धात्मक नेमबाजीचे खेळ खेळणारे पुष्कळ जण सगळे सिंक जाणूनबुजून बंद ठेवतात, त्यांना वेड्यात काढण्याचे कारण नाही. मॉनिटर अर्ध्या वाटेवर असताना बदललेली फ्रेम चित्र फाडते हे खरे, पण खालच्या अर्ध्या भागात ती ताजी माहितीही पुढच्या फेरीची वाट न पाहता दाखवते. २४० हर्ट्झवर एक फेरी ४.२ मिलिसेकंदांत संपते, तेथे फट क्षणभरही टिकत नाही आणि हा सौदा त्यांना परवडतो. ६० हर्ट्झवर बसून साहसकथेतले डोंगर न्याहाळणाऱ्याने त्यांचे अनुकरण का करावे, हे मात्र मला कळलेले नाही.

खेळ बनवणाऱ्यांकडे माझी तक्रार आहे. व्ही-सिंक या शब्दापुढे ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच लिहून ते मोकळे होतात; काही खेळांत ‘पूर्ण’ आणि ‘अर्धे’ असेही पर्याय असतात, आणि अर्धे म्हणजे वेग निम्मा होणार हे खेळाडूने ओळखावे अशी अपेक्षा असते. त्याच मेनूत मॉनिटरचा चालू वेग आणि व्हेरिएबल रिफ्रेश रेट सुरू आहे की नाही, हे दोन ओळींत दाखवणे अवघड नाही. संगणकाला ते ठाऊकच असते.

आपल्या पुरवणीकडून अपेक्षा एवढीच की, मॉनिटरचे परीक्षण छापताना कमाल हर्ट्झच्या शेजारी व्हेरिएबल रिफ्रेश रेटची खालची हद्द आणि तो पर्याय खोक्यातून बाहेर काढल्यावर चालू असतो की बंद, या दोन गोष्टी छापाव्यात. तसेच ज्या वाचकाला कार्ड बदलण्याचा सल्ला दिला गेला, त्याला खरेदीआधी आपला मॉनिटर किती हर्ट्झवर चालतो आहे आणि त्याच्या मेनूत ॲडॅप्टिव्ह-सिंक आहे का, हे पाहण्यास पुढच्या अंकात सुचवावे.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक